उणे एक

प्रताप नगरात रिंग रोडवरून आत वळलं की दर दोन-तीन घरांआड एक पाटी दिसते. एक तर 'रूम भाड्याने देणे आहे', नाहीतर 'घरगुती डबा मिळेल'. क्लासेसची पोरं, गायत्री नगरच्या आयटी पार्कमधली पोरं, मिहानची बस पकडणारी पोरं, सगळी इथेच कुठेतरी राहतात आणि इथेच कुठेतरी जेवतात. मीही त्यातलाच. गाव आर्वी, इंजिनिअरिंग नागपुरात, नोकरीही नागपुरात. गेली पाच वर्षं ज्या काकूंच्या मेसमध्ये जेवतो, त्यांना विचारलं, "तुमच्यावर लिहू का?" तर म्हणाल्या, "लिही. पण नाव नोको टाकू बाप्पा, बँकवाले वाचतीन."

२०२३ च्या पावसाळ्यात काकूंना अडीच लाख रुपये हवे होते. स्वयंपाक त्या स्वतःच्या घरी करायच्या, इथून दोन-अडीच किलोमीटर आत. जेवायला बसवायच्या ते इथल्या एका भाड्याच्या खोलीत. दोन्ही वेळा पातेली ऑटोतून यायची. पावसात एकदा वरणाचं पातेलं ऑटोत सांडलं, त्या रात्री आम्ही सगळ्यांनी भाजी-पोळी खाल्ली आणि ऑटोवाल्याने वेगळे पैसे मागितले. खोलीला लागून असलेला गाळा रिकामा होत होता. गाळ्याचं डिपॉझिट, तीन शेगड्यांची भट्टी, कणीक मळायचं मशीन आणि एक मोठा फ्रीज, सगळं मिळून अडीच लाख. तेव्हा त्यांच्याकडे बेचाळीस जण जेवत होते, महिन्याला २,८०० रुपये देऊन. गाळा झाला तर सत्तर होतील असा त्यांचा हिशोब होता. मला तो पटला, कारण जागा नाही म्हणून परत जाणारी पोरं मी रोज पाहत होतो.

मी म्हटलं, "काकू, डायरीवाल्याकडे नका जाऊ. बँकेत जाऊ. मी येतो सोबत."

हे मी एवढ्या खात्रीने म्हणालो, कारण एक तर कर्ज हा माझा धंदा आहे. मी ज्या कंपनीत काम करतो ती कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. अर्ज आला की तो कुठल्या नियमांतून जाईल, कुठे अडेल, कुठे आपोआप मंजूर होईल, हे लिहायचं काम माझ्या टीमकडे आहे. दुसरं कारण घरचं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज, घराचं कर्ज, ताईच्या लग्नाचं कर्ज, सगळं पगारातून कापून जायचं. माझ्या इंजिनिअरिंगला चार लाखांचं शैक्षणिक कर्ज मिळालं, तारणाशिवाय, वडिलांची पगाराची स्लिप जोडून. आमच्या घरात कुणी श्रीमंत नव्हतं, पण बँक 'नाही' म्हणते हे मी घरात कधी पाहिलं नव्हतं. पगारदार माणसाच्या मुलाला हे कळायला पंचवीस-सव्वीस वर्षं लागतात की हप्ता कापून जाणं हीसुद्धा एक मिळकत आहे.

बँकेचं आणि शाखेचं नाव मी लिहीत नाही. लिहून काही उपयोगही नाही, दुसऱ्या शाखेत दुसरं काही झालं असतं असं मला वाटत नाही. मॅनेजर चाळिशीचे, थकलेले, पण चांगले गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि फाइल उलटायला लागले.

काकूंच्या फाइलमध्ये उद्यम नोंदणी होती, गुमास्ता होता, फूड लायसन्स होतं. हे सगळं मीच काढून दिलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. मॅनेजरनी विचारलं, "खात्याचं स्टेटमेंट?" ते होतं, पण नवऱ्याच्या नावाचं. काका स्कूल व्हॅन चालवतात. मेसच्या भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड त्यांच्या खात्याचा, कारण स्मार्टफोन आधी त्यांच्याकडे आला. बेचाळीस पोरांचे पैसे दर महिन्याला त्या खात्यात पडत होते. लाखाच्या वर उलाढाल, सगळी डिजिटल. काकूंच्या स्वतःच्या खात्यात गॅसची सबसिडी आणि हजार-बाराशे रुपये.

"व्यवसाय यांचा, पैसे त्यांच्या खात्यात," मॅनेजर म्हणाले. "मी कोणाला कर्ज देऊ?"

मग रिटर्न. तीन वर्षांचे नव्हते, एकाही वर्षाचा नव्हता. मग घर. तिथे नागपूरची खास गोष्ट येते. या शहराच्या कडेची कित्येक वस्ती शेतजमिनीचे तुकडे पाडून, साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेल्या प्लॉटांवर उभी आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर नागपूर सुधार प्रन्यासने असे लेआउट नियमित करायला घेतले. '५७२' आणि '१९००' हे आकडे इथे कुणालाही विचारा, लेआउटचे आहेत हे रिक्षावालाही सांगेल. डिमांड भरायची, मग आर.एल. मिळतं, आणि आर.एल. मिळालं की त्या मातीची मालमत्ता होते. काकूंच्या घराची डिमांड निम्मीच भरलेली. घर पक्कं, दोन मजली, वीस वर्षं राहतं. पण बँकेच्या दृष्टीने ते जवळजवळ नाहीच. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांदो द सोतो यांनी २००० साली एका पुस्तकात अशा संपत्तीला मृत भांडवल म्हटलं. ते वाचलं तेव्हा मला लिमाऐवजी काकूंचा वरचा मजला दिसला.

मी तयारीने गेलो होतो, म्हणून म्हटलं, "सर, दहा लाखांपर्यंत सूक्ष्म उद्योगाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना? आणि सरकारी हमी योजना पण आहे."

ते हसले. "मी तारण मागितलं का? घराचे कागद फक्त विचारले."

खरंच मागितलं नव्हतं. तारण मागायला बंदी आहे, विचार करायला वेळ घेण्याला बंदी नाही. नंतर ते मोकळेपणाने बोलले. अडीच लाखांच्या फाइलला त्यांना जेवढा वेळ लागतो, तेवढाच अडीच कोटींच्या फाइलला लागतो. नव्वद दिवस हप्ता आला नाही की खातं एनपीए. हमी आहे, पण हमीचा दावा करायचा म्हणजे आधी बुडालं हे वरच्यांना समजावून सांगायचं. "मी दोन वर्षांत बदलून जाईन, पण सही माझीच राहील. तुम्ही असं करा, मुद्राचं शिशु घ्या. पन्नास हजार. ते मी याच आठवड्यात करून देतो."

मुद्रा योजना २०१५ मध्ये आली तेव्हा तिचे तीन गट होते: शिशु पन्नास हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत. सुरुवातीपासूनचा हिशोब धरला तर खात्यांच्या संख्येत शिशुच सगळ्यात जास्त. ही नावं कुणी ठेवली माहीत नाही. काकू तेव्हा एकावन्न वर्षांच्या होत्या, सोळा वर्षं मेस चालवत होत्या, त्यांच्या हाताखाली दोन बायका कामाला होत्या, आणि बँक त्यांना म्हणत होती, शिशु.

पन्नास हजारांत गाळ्याचं डिपॉझिटही होत नव्हतं. बाहेर आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "साहेब चांगला होता. पाणी देल्लं."

त्या संध्याकाळी मी त्यांची डायरी पाहिली. लाल पुठ्ठ्याची, खिशात मावेल एवढी. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वीस हजारांची डायरी म्हणजे हातात येतात अठरा हजार. दोन हजार आधीच कापलेले. मग रोज दोनशे रुपये, शंभर दिवस. माणूस संध्याकाळी मोटरसायकलवर येतो, पैसे घेतो, पानावर सही करतो. कागद नाही, स्कोअर नाही, आर.एल. नाही. काकू म्हणाल्या, "दहा टक्के तं घेते तो." सगळे असंच समजतात, मीही समजत होतो. घरी येऊन एक्सेलमध्ये मांडलं. पैसे रोज परत जात असतात, त्यामुळे शंभर दिवसांत सरासरी हातात असतात फक्त नऊ-साडेनऊ हजार. साध्या हिशोबाने व्याज वर्षाला ७७ टक्के निघालं. चक्रवाढ धरलं तर ११७. मी सूत्र तीनदा तपासलं. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे, परवाना लागतो, व्याजाला मर्यादा आहे. मोटरसायकलवरच्या माणसाकडे बहुतेक फक्त मोटरसायकलचा परवाना असावा.

त्या वर्षी काकूंच्या साडेतीन डायऱ्या झाल्या होत्या. म्हणजे सात हजार रुपये व्याज.

आणि त्याच आठवड्यात माझ्या पगाराच्या बँकेने मला मेसेज पाठवला. नऊ लाखांचं वैयक्तिक कर्ज 'प्री-अप्रूव्ह्ड', ११ टक्क्यांनी, कागदपत्रं लागणार नाहीत. मी मागितलं नव्हतं. मी त्या पैशांतून एकही माणूस कामाला ठेवणार नव्हतो, एकही पोळी भाजणार नव्हतो. मला अकरा टक्के, त्यांना एकशे सतरा. या दोन आकड्यांमधल्या फरकातून काय तयार होतं हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. काकूंच्या नफ्यातला एक तुकडा दर संध्याकाळी मोटरसायकलवर बसून निघून जातो. माझ्याकडचा तुकडा माझ्याकडेच राहतो आणि त्याच्या जोरावर मला पुढचं कर्ज मिळतं.

आता माझ्या कामाबद्दल. हे लिहायला मी बरेच दिवस टाळत होतो.

काकूंचा क्रेडिट स्कोअर मी मोबाईलवर काढून पाहिला तेव्हा आकडा आलाच नाही. इतिहास नाही. असा अर्जदार आमच्याकडे आला की ब्युरोकडून स्कोअरच्या जागी उणे एक येतो. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी आमच्या एका ग्राहक कंपनीसाठी लिहिलेला नियम उघडला. स्कोअर ७०० पेक्षा कमी असेल तर अर्ज नाकारा. बस. उणे एक हा ७०० पेक्षा कमी आहे. म्हणजे ज्याने कर्ज बुडवलं तो आणि ज्याने आयुष्यात कधी बँकेचं कर्ज घेतलं नाही तो, दोघेही माझ्या एका ओळीत सारखेच बाद होत होते. ती ओळ दीड वर्षापूर्वीची होती. लिहिणाऱ्याचं नाव बाजूला दिसतं, ते माझं होतं.

मी टिकेट काढलं. मीटिंगमध्ये मांडलं. कुणी वाईट वागलं नाही. सगळ्यांनी 'गुड कॅच' म्हटलं. मग ठरलं की ग्राहकाने तक्रार केलेली नाही, उणे एकसाठी वेगळी वाट काढायची तर बँक खात्याचं, जीएसटीचं विश्लेषण लागेल, त्याचा खर्च कोण देणार, तर सध्या राहू दे. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. पण 'केवळ' हा शब्द कोडमध्ये कसा लिहायचा? आमच्या सिस्टिममध्ये नाकारण्याचं कारण लिहायला एक रकाना आहे आणि त्यात 'धोरणानुसार' असं आपोआप भरलं जातं.

मी या विषयावर वाचायला लागलो ते बहुधा अपराधी वाटून. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांचा एक अभ्यास माझ्या डोक्यात बसला. १९९८ मध्ये सरकारने लघुउद्योगाच्या व्याख्येतली यंत्रसामग्रीची मर्यादा ६५ लाखांवरून तीन कोटींवर नेली. म्हणजे काल जे कारखाने प्राधान्य क्षेत्रात नव्हते ते आज आले, आणि बँकांना तिथे कर्ज देण्यात रस निर्माण झाला. कारखाने तेच, मालक तेच, फक्त व्याख्या बदलली. त्यांना जास्त कर्ज मिळालं आणि त्यांची विक्री वाढली. मिळालेला पैसा त्यांनी नुसता महागडं कर्ज फेडायला वापरला असता तर विक्री वाढली नसती. म्हणजे भूक होती, ताट येत नव्हतं. २००० साली मर्यादा एक कोटीवर खाली आणली, आणि वगळलेल्यांचं उलटं झालं.

त्याआधीचं एक उदाहरण याहून मोठं आहे. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यावी या दिशेची शिफारस केली, आणि त्यातून लीड बँक योजना आली. १९७७ ते १९९० या काळात तर नियमच होता की जिथे बँका आहेत तिथे एक शाखा उघडायची असेल तर जिथे नाहीत अशा ठिकाणी चार उघडा. बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ साली दाखवलं की त्या शाखांमुळे ग्रामीण दारिद्र्य कमी झालं. थकबाकीही भरपूर झाली, हेही खरं. आमचे मॅनेजर साहेब त्या थकबाकीची आठवण अंगात घेऊन बसले आहेत. आणि सहकाराचं म्हणाल तर नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे शंभर कोटींहून जास्त रुपये २००२ च्या होम ट्रेड प्रकरणात गेले. आमच्या भागात आजही कुणी सहकारी बँक म्हटलं की म्हातारी माणसं खिसा चाचपतात.

एवढं वाचून शेवटी मी केलं काय, तर ते प्री-अप्रूव्ह्ड कर्ज घेतलं. अडीच लाख, तीन वर्षं, हप्ता ८,१८५ रुपये. ॲपमध्ये कर्जाचं कारण निवडायचं होतं: लग्न, प्रवास, वैद्यकीय, घराची डागडुजी, इतर. धंदा हा पर्याय नव्हता. बालीला जाण्यासाठी पैसे मिळत होते, भट्टीसाठी नाही. मी 'इतर' निवडलं. चार मिनिटांत पैसे आले. काकू दर महिन्याच्या चार तारखेला मला हप्ता पाठवतात आणि पाच तारखेला माझ्या खात्यातून कापला जातो. मी वर एक रुपयाही घेत नाही. हे सांगताना चांगलं वाटतं, म्हणूनच पुढचंही सांगायला हवं.

गाळा सुरू झाला. आज एकसष्ट जण जेवतात, सत्तर अजून झाले नाहीत. पण माझ्या ताटात काहीतरी बदललं. माझ्या वाटीत रस्सा कमी आणि फोडी जास्त यायला लागल्या. रविवारी सगळ्यांना एक गुलाबजाम, मला दोन. मेसचे पैसे घ्यायला काकू तयार नव्हत्या, ते मी भांडून सुरू ठेवले. भाजी खारट झाली तर आधी मी सरळ ओरडायचो, "काकू, मीठ!" आता गप्प खातो. एका महिन्यात त्यांना हप्ता द्यायला तीन दिवस उशीर झाला. त्या तीन दिवसांत त्या माझ्या टेबलापाशी आल्या नाहीत, वाढायला दुसऱ्या बाईला पाठवलं. मी काही बोललो नव्हतो. मी फक्त चार तारखेला संध्याकाळी मोबाईलवर दोनदा खातं पाहिलं होतं, जेवताना. त्यांनी ते पाहिलं असणार.

आणि मग प्रेसवाले भाऊ. आमच्या बिल्डिंगच्या खाली त्यांचा हातगाडा आहे, कोळशाची इस्त्री. गॅसवर चालणारी इस्त्री आणि वर पत्र्याचं शेड, एवढ्यासाठी त्यांना तीस हजार हवे होते. बातमी गल्लीत फिरली होतीच. ते वर आले, दारातच उभे राहिले. "भाऊ, मेसवाल्या बाईंना दिले म्हणे. माझं पण पाहा ना काही."

मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. मग विचारलं, महिन्याला किती सुटतात? लिहून ठेवता का? आधी कुणाचं देणं आहे? पोलिसांनी, महापालिकेने गाडा उचलला तर? कुणी हमी देईल? ते उत्तरं देत होते आणि मी ऐकत होतो तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, बघू. सध्या माझाच हप्ता चालू आहे." हप्ता माझा नव्हता. मंजूर मर्यादेतले साडेसहा लाख अजून तसेच पडून होते.

नंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली. अतिक्रमणाची जोखीम खरी होती. पण काकूंच्या बाबतीत मी कुठली जोखीम तपासली होती? एकही नाही. त्या माझ्या आईसारख्या बोलतात. त्यांची डाळ आमच्या घरच्यासारखी लागते. त्यांचं आडनाव आमच्या नात्यागोत्यात निघतं, आणि पहिल्याच महिन्यात आम्ही दोघांनी ते काढून झालं होतं: तुमचे कोण, आमचे कोण, आर्वीत अमुक गल्लीत राहतात ते तुमचेच का. प्रेसवाल्या भाऊंचं आडनाव मला पाच वर्षांत माहीतच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, आणि ते ऐकून मी पुढचा प्रश्न विचारला नाही. नातं काढता येणार नाही हे मला त्या एका शब्दातून कळलं होतं. नागपुरात राहून, दर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे जाणारी गर्दी बघून, मी स्वतःला या सगळ्याच्या पलीकडचा समजत होतो.

फिसमन, पाराविसिनी आणि विग या तिघांनी भारतातल्या एका मोठ्या सरकारी बँकेच्या शाखांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. अधिकारी आणि कर्जदार एकाच धर्माचे किंवा जातीगटाचे असले की कर्ज जास्त मिळतं असं त्यात दिसलं. यात धक्का बसण्यासारखं काही नाही. धक्का पुढे आहे: ती कर्जं परतही जास्त चांगली येतात. म्हणजे अधिकारी निव्वळ पक्षपात करत असतो असं नाही. त्याला आपल्या माणसाबद्दल खरंच जास्त कळत असतं, आणि आपल्या माणसाला त्याची भीडही असते. माझा नियम त्यानेही सुटत नाही. उलट काकूंनी तीन दिवस उशिरा का होईना हप्ता दिलाच, आणि मी म्हणू शकतो की बघा, माझा अंदाज बरोबर होता. प्रेसवाल्या भाऊंनी दिला असता का, हे कधीच कळणार नाही, कारण त्यांना मी दिलंच नाही. नाकारलेल्या अर्जाची परतफेड कुठल्याच डेटामध्ये नसते. हे मला कामावरून माहीत होतं, पण त्या वेळी ते फक्त मॉडेलचं दुखणं वाटायचं.

त्यांनी गॅसची इस्त्री अजून घेतलेली नाही. माझे शर्ट पूर्वीसारखेच करून देतात. फक्त आधी महिन्याचा हिशोब महिन्याला व्हायचा, आता दर वेळी रोख घेतात.

गेल्या महिन्यात काकूंनी विचारलं, "अठरा हप्ते झाले न रे बाळा? एकही बुडवला नाही. आता तं बँक देईन न मले?" त्यांना फ्रीज अजून एक हवा आहे. मी दोघांचे स्कोअर काढून पाहिले. माझा चौदा अंकांनी वाढला आहे. अठरा महिने वेळेवर भरलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद माझ्या नावावर आहे. पहाटे साडेचारला उठून कणीक मळणाऱ्या बाईच्या शिस्तीमुळे मी अधिक विश्वासू ग्राहक झालो आहे आणि माझी मर्यादा नऊवरून बारा लाख झाली आहे. काकूंचा आकडा याही वेळी आला नाही. इतिहास नाही.

ते मी त्यांना कसं सांगितलं ते लिहीत नाही. त्यांना पूर्ण समजलं असं वाटत नाही, आणि मीही पूर्ण समजावलं नाही.

त्यानंतर एवढं केलं की त्यांच्या नावाचं चालू खातं उघडलं, या वर्षीचा रिटर्न भरला, आणि भिंतीवर नवा क्यूआर कोड चिकटवला, त्यांच्या खात्याचा. काका म्हणाले, "जुना कायले काढता, राहू द्या न." म्हणून नवा जुन्याच्या बाजूलाच लावलाय. पोरं घाईत असतात, सवयीने जुनाच स्कॅन करतात. मग काकू आतून, हातात झारा घेऊन ओरडतात, "अबे त्या नाही, इकडच्या!"